गळ हुंगून जाणारा कटला

प्रकाशा,
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय सलाउद्दीन,

काल सकाळी बॅरेजच्या वरच्या डोहात नऊ किलोचा कटला धरला. तुझ्या यंत्रावर. हे लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं, पण उलट दोनदा वाचून पाहिलं. आता तू सुरतेत आफशीनच्या गॅलरीत बसून मोठ्याने हसशील आणि ती पोरगी अब्बांना काय झालं म्हणून आतून धावत येईल. हस. तेवढा हक्क तुझा आहे.

दिवाळीनंतर तू माझ्या होडीला बांबू बांधून ते मासे दाखवणारं यंत्र बसवलंस, तेव्हा मी काय काय बोललो ते मला आठवतं. तुझ्या जावेदने कॅनडाहून पाठवलेलं, शहाद्यात तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेल्या तुझ्यासारख्या माणसाने स्वतःच्या हाताने जोडलेलं. आणि मी म्हणालो, पडद्यात बघून मासा धरणं म्हणजे चोरी. मला माझं वल्हं पुरे. वल्हं पाण्यात सोडायचं, दांड्याला कान लावायचा आणि खाली माशांचा घोळका कुठे चाललाय ते सांगायचं, ही माझ्या बापाची विद्या. भटूचा कान म्हणून नदीकाठी नाव होतं माझं. तू यंत्र गोणपाटात गुंडाळून आमच्या ओट्यावर ठेवलंस आणि आठवड्याभरात सुरतेला गेलास. निरोप घ्यायला आला नाहीस. मीही द्यायला आलो नाही.

त्यानंतर हिवाळाभर मी बहुतेक रिकाम्या हाताने परतलो. सिंधूला सांगायचो, पाणी बिघडलंय, मासा वर गेलाय. होळीला शेजारच्या करमसिंगने आग्रहाने सातपुड्यातल्या काठी गावी नेलं. एवढे ढोल, एवढे घुंगरू, पण यंदा ते सगळं मला छातीतच वाजल्यासारखं वाटलं.

घरी येऊन बघतो तर सिंधूने गोणपाट सोडलेलं. आमच्या सूनबाईने, हेमांगीने, मोबाइलवर व्हिडिओ लावून तिला सगळं शिकवलेलं. म्हणाली, "मी बी येसू." चाळीस वर्षांत होडीत पाय न ठेवलेली बाई! नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

काल ती मागे पडदा धरून बसली, मी पुढे गळ घेऊन. एकदा वळून पाहिलं. काळ्या पडद्यावर पिवळे ठिपके हलत होते. लांबट ठिपका म्हणजे मासा आणि वरून उतरणारा बारीक ठिपका म्हणजे माझाच गळ. मासा गळापाशी आला, थांबला, गळ हुंगला आणि वळून गेला. दुसरा आला, तोही तसाच. सलाउद्दीन, मासे तिथेच होते रे! गळाला लावलेली माझी पेंडीची गोळी त्यांना नको होती. सिंधू पोट धरून हसली आणि शिदोरीतली बाजरीची भाकरी लसणाच्या चटणीत मळून तिने गोळी करून दिली.

मी पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. थोड्या वेळाने पाठीत वल्ह्याचा टोला बसला. मागे सिंधू तोंड वासून ओरडत होती, "ओढा! ओढा!" किती वेळ ओरडत होती कोण जाणे. मासा गोळी चोखून केव्हाच गेला होता. ती सरकत माझ्यासमोर आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आयकू येस नही का तुमले?"

मी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणालो, पावसाळ्यापासून. समोरच्याचे ओठ बघून भागवत होतो.

मला वाटलं रडेल. तिने माझा खांदा धरून मला फिरवलं. "मन्हाकडे तोंड करीसन बसा." पुढच्या वेळी तिने नुसता हात वर केला आणि मी ओढलं. दोरीने बोट कापलं, होडी गरगरली, सिंधूने खालून जाळी घातली आणि आम्ही दोघंही होडीत आडवे पडलो, मध्ये कटला आपटतोय. किती वर्षांनी इतके हसलो! मासा विकला नाही. गल्लीत वाटला.

तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी कानाला लावला आणि न बोलता ठेवून दिला. आत नुसती घरघर येते. राग धरलाय असं तुला वाटलं असेल, म्हणून हे पत्र. मंगळवारी नंदुरबारला कानाचं यंत्र मिळणार आहे. हेमांगी सांगते, तुझं यंत्रही पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेला ऐकतं. म्हणजे वल्ह्याचंच काम. तूही मला होडीत हेच समजावत असशील. तेव्हा तुझे ओठ हलत होते, मला वाटलं हसतोयस, म्हणून मी भडकलो. काठावर उतरताना तू शेवटचं काहीतरी म्हणालास आणि मी पाठ फिरवली. काय म्हणालास ते लिहून कळव. शिवी असली तरी चालेल.

तुझाच,
भटू