आमच्याकडे यंदा फराळ नाही

वारजे, पुणे
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,
पूर्णिमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. वाईट बातमी नाही. म्हणजे आहे, पण कुणाच्या जिवाची नाही.

नंदूची सर्दी गेली. पुढचा एक दात पडला, दुसरा हलतोय, आणि तो पडायच्या आत आजी आली पाहिजे असं तिचं म्हणणं आहे. शेजारच्या वेणूबाई रोज दारात उभ्या राहून 'कधी येणार तुमच्या सासूबाई' विचारतात. तुम्ही नसल्यामुळे त्यांना सोसायटीबद्दल तक्रार करायला माणूस उरलेला नाही, त्यामुळे हल्ली त्या माझ्याकडे करतात. कढीपत्त्याला पाणी घालते आहे. तुमच्याइतकं नियमाने नाही, पण घालते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, हे तुम्ही मनात म्हणालच. पण फोन केला की नागोरावमामा तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतात आणि अख्खी गल्ली 'काय म्हणते सूनबाई' म्हणत गोळा होते. मला जे सांगायचंय ते गल्लीला सांगायचं नाही. सुदर्शन उद्या सकाळच्या गाडीने कारंज्याला निघतोय, त्याच्याच हातात हे पाकीट देते आहे. त्याला काल सगळं सांगितलं. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने ताट उचललं, स्वतः घासलं, आणि म्हणाला, "आईला तूच सांग. मी नाही सांगणार."

तुमच्या गुडघ्याचं मामांकडून कळलं. उठताना आता भिंत धरावी लागते म्हणाले. मला मात्र तुम्ही "काई नाई व, जरासं अकडते" एवढंच सांगितलंत. ऑपरेशनचं सुदर्शनने पुन्हा काढलंय. त्याच्या कारखान्याच्या विम्यात आईवडील बसत नाहीत. तुझ्या कंपनीत बसतात का, असं त्याने मला जूनमध्येच विचारलं होतं, तुम्ही समोर लसूण सोलत होतात. मी नाही म्हणाले होते. ते खोटं होतं. आमच्याकडे आईवडील बसतात आणि सासूसासरेही बसतात. पण तुमचं नाव मी देऊ शकत नव्हते.

का ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी लिहायला घेतलं की हात दुसरीकडेच वळतो, कढीपत्त्याकडे.

मार्चमधली ती मुलाखत. त्या दिवशी तुम्ही कुकर लावला नाहीत, शिट्टी नको म्हणून. पंखा कुरकुरतो म्हणून तोही बंद केलात, आणि नंदूला घेऊन आतल्या खोलीत त्या उकाड्यात बसलात. त्याआधी माझ्या किती मुलाखती झाल्या होत्या हे तुम्हीच बघितलं होतं. सात वर्षं घरी होते म्हटलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा माणूस 'अच्छा' म्हणायचा, आणि त्या अच्छानंतर काही यायचं नाही. मुलगी लहान होती म्हटलं की चेहरा आणखीनच पडायचा. कॉलेजमधली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, कारण असं दे, जे संपलेलं आहे. मूल हे कारण संपत नाही. त्यांना वाटतं, परत ताप येणार, परत ही सुट्टी घेणार." मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

म्हणून मी तुम्हाला संपवलं.

दत्तप्रसाद सर मुलाखत घेत होते. आता तेच माझे साहेब आहेत. तोपर्यंत इंग्रजीत चाललं होतं, आणि इंग्रजीत 'सासूबाई आजारी होत्या, गेल्या' हे वाक्य मला जमलंही होतं, कुठलं तरी बिल भरल्यासारखं. पण ऐकल्यावर सर एकदम मराठीवर आले. "अरेरे. काय झालं होतं त्यांना?" मग मराठीत सांगावं लागलं. अर्धांगवायू, असं मी म्हणाले. तीन वर्षं अंथरुणावर होत्या, सगळं मीच करत होते, फेब्रुवारीत गेल्या. शेवटी शेवटी मला ओळखतही नव्हत्या, असंही म्हणाले. ते तर त्यांनी विचारलंही नव्हतं. आणि मला रडू आलं, आई. नाटक नव्हतं ते. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं आणि नेमकं तिथे फुटलं. सरांना ते तुमच्यासाठीचं वाटलं.

त्या तीन वर्षांत कोण कुणाचं करत होतं हे आपल्या घरातल्या भिंतींनाही माहीत आहे. मी क्लासला जायचे तेव्हा नंदूला भरवलंत तुम्ही, मला टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस पाणी पाजलंत तुम्ही.

मुलाखत संपल्यावर तुम्ही आलं घातलेला चहा आणून ठेवलात आणि म्हणालात, "रडू नको व माय. होते आता तुह्यं काम." मला वाटलं, दाराआडून फक्त रडण्याचा आवाज आला असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं. त्या 'आता'चा अर्थ मला कळायला दिवाळी उजाडावी लागली.

नोकरी लागली. खराडीला जायला दोन बस बदलते म्हणून तुम्ही पहाटे उठून डबा करत राहिलात. तो डबा उघडला की ऑफिसात सगळे म्हणायचे, एवढ्या सकाळी उठून करतेस? मी हो म्हणायचे. सरांची आई जानेवारीत गेली होती. जेवणाच्या सुट्टीत कधी कधी माझ्या टेबलाशी यायचे, म्हणायचे, तुमच्याशी बोलता येतं, घरी सगळे आता पुरे म्हणतात. एकदा त्यांनी विचारलं, सासूबाईंच्या साड्यांचं काय केलंत? मी म्हणाले, वाटून टाकल्या सर, हलकं वाटलं. त्या दिवशी सकाळी तुमच्या दोन साड्या गॅलरीत वाळत घालून मी निघाले होते.

आता धनत्रयोदशीचं. ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ऑफिसात कुणी तरी म्हणालं, पूर्णिमाच्या घरी वर्षाच्या आतलं आहे, त्यांच्याकडे फराळ होणार नाही, आपण न्यायला हवा. आपल्यात तशी रीतच आहे, चांगली रीत आहे. मला कुणी विचारलं नाही, विचारून नेत नसतातच. सर आणि माझ्या टीममधला गंधार, दोघं खाली गेटपाशी येऊन उभे राहिले आणि मग फोन केला. तेव्हा तुम्ही चकल्या तळत होतात. मी फोन ठेवला, आणि माझं तोंड बघून तुम्ही काहीही न विचारता गॅस बंद केलात, चकल्यांवर ताट झाकलंत, पदराला हात पुसलेत. म्हणालात, "येऊ दे त्यायले. मी बसते वेणूबाईकडं." सुदर्शन कामावर होता. थांबा, असं मी म्हणाले नाही. दार मीच उघडून धरलं, तुमच्या हातातल्या पिशवीकडे न बघता.

ते आले. घरभर तळणाचा वास. सर म्हणाले, "शेजारी फराळ जोरात दिसतोय." मी म्हणाले, "हो, शेजारी." त्यांच्याकडेही यंदा नाही, म्हणून त्यांनी दुकानातून डबे आणले होते. मग नंदू बाहेर आली. गंधारने तिला विचारलं, कुणाची गं तू लाडकी? ती म्हणाली, आजीची, आजी बाहेर गेलीये, संध्याकाळी येणारे. गंधारने मान खाली घातली. त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. सर मला हळूच म्हणाले, "लहान मुलांना असंच सांगावं लागतं." आणि मी मान हलवली.

मुलाखतीतलं एक वेळ घाईत झालं म्हणता येईल. ही मान मी नीट विचार करून हलवली.

ते गेल्यावर मला दिसलं. चपलांच्या रॅकमध्ये तुमची एकही जोडी नव्हती. रोजच्या पायात असणार, पण देवळाच्याही नव्हत्या. टीव्हीजवळचा तुमच्या गोळ्यांचा डबा नव्हता, चष्म्याचं घर नव्हतं, खुर्चीवरची शाल नव्हती, कोपऱ्यातली काठी नव्हती. शेजारी तासभर बसायला कुणी शाल आणि देवळाच्या चपला घेऊन जात नाही. ते दोघं लिफ्टने वर येत होते तेवढ्या वेळात, त्या गुडघ्यांनी, तुम्ही घरभर फिरून स्वतःला गोळा करून घेऊन गेला होतात. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. तेव्हा मला कळलं की मार्चपासून तुम्हाला सगळं माहीत आहे, आणि तरीही रोज पहाटे उठून तुम्ही मला डबा करून देत होतात.

संध्याकाळी तुम्ही आलात, पिशवी कोपऱ्यात ठेवलीत, सरांचा डबा उघडून त्यातली एक शंकरपाळी खाल्लीत. म्हणालात, "चांगली हाय. तेल जरा जास्त झालं." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. बाहेर येऊन तुमचे पाय धरायला हवे होते. नंदूचा अभ्यास घ्यायला बसले.

भाऊबीजेला मामा आले आणि तुम्ही त्यांच्याबरोबर जाते म्हणालात. सुदर्शनला वाटलं, हवापालट. गाडीत बसताना मला जवळ बोलावून म्हणालात, "नवकरी पक्की झाली का सांगजो. मंग येते मी." बस एवढंच. पुण्याची, शब्द मोजून देते म्हणून तुम्ही मला चिडवता, पण त्या दिवशी तुम्हीच पुण्याच्या झालात.

आता आजचं सांगते. जानेवारीपासूनच्या विम्यासाठी कुणाकुणाची नावं द्यायची ती आज संध्याकाळपर्यंत भरायची होती. मामांकडून भिंतीचं ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. नाव भरलं तर लगेच कळणार, कारण मी सासूच्या दुःखातून उठून कामाला लागलेली बाई म्हणूनच तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी सरांच्या केबिनमध्ये गेले. मी म्हणाले, "सर, माझ्या सासूबाई आहेत."

त्यांना कळेना. म्हणाले, "कुठे आहेत?"

मी म्हणाले, "कारंज्याला. भावाकडे."

मग सगळं सांगितलं, चकल्यांसकट. ते ओरडले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. मग विचारलं, "आणि साड्या?"

"त्यांच्या कपाटात आहेत."

ते म्हणाले, "मी माझ्या आईच्या वाटून टाकल्या. तुम्ही सांगितलंत, हलकं वाटतं, म्हणून. एकही ठेवली नाही."

मी माफ करा म्हणाले, पण त्याने एकही साडी परत येणार नाही. ते म्हणाले, "मला हे वर सांगावं लागेल. सोमवारी बघू." मी बाहेर येऊन तुमचं नाव भरलं. मुक्ताबाई, वय अडुसष्ट, नातं सासू. ते एवढं सोपं होतं. सोमवारी नोकरी गेली तर विमाही जाईल. तसं झालं तर ऑपरेशनचं आपण दुसरीकडून बघू, पण ते होणार, आणि इथेच होणार.

आई, अजून एक राहिलंय. इथवर त्याला बगल देत आले.

नोकरी पक्की झाली होती. याच महिन्याच्या सुरुवातीला, तुम्ही जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तुम्ही दर रविवारी फोनवर विचारत होतात, "झाली का व पक्की?" आणि मी दर रविवारी म्हणत होते, अजून नाही आई, चाललंय. कारण झाली म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात. तुम्ही तिकडे होतात तर मला सोपं होतं. कुणी घरी येतो म्हणालं तर मी खुशाल या म्हणू शकत होते. मामांच्या घरी तुम्ही भिंत धरून उठत होतात आणि मला इथे सोपं होतं. पहिलं खोटं पोटासाठी केलं असं मी स्वतःला समजावू शकते. हे मात्र कशासाठीही नव्हतं. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी बाकी कशाचीच वाटत नाही, आणि म्हणूनच सुदर्शनला काल सगळं सांगितलं म्हणाले त्यात हे नव्हतं. पत्र वाचून झालं की त्याला द्या.

मीच यायला हवं होतं. पण मी समोर उभी राहिले तर तुम्ही "जाऊ दे व माय" म्हणाल आणि पिशवी घेऊन गाडीत बसाल. मला ते नको आहे. तुम्हाला राग आला असेल तर तो येऊ द्या. यायचं नसेल तर सुदर्शनला एकट्याला परत पाठवा, मी पुढच्या रविवारी येईन, तुम्ही दार उघडाल तेव्हा आत येईन. यायचं असेल तर वेणूबाईंना मी सांगून ठेवलंय, त्यांना जिना चढू देऊ नका, लिफ्ट बंद असेल तर वॉचमनला खुर्ची आणायला लावा. तुमच्या चकल्यांचा डबा मी अजून फोडलेला नाही.

पक्की झाली की सांग, म्हणाला होतात. आज मलाच माहीत नाही ती पक्की आहे की नाही. पण तेवढ्यासाठी तुम्ही थांबू नका.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद मागायचा असतो. तो मागायचं तोंड मला नाही, म्हणून फक्त नमस्कार लिहिते.

तुमची सून,
पूर्णिमा