भोजराजाच्या वाटेवर चार दिवस

शनिवार, ७ डिसेंबर २०२४

नम्रतानं माझं नाव परस्पर देऊन टाकलं! ती नोकरी करते त्या संस्थेची नवी सहल – पन्हाळ्याच्या भोजराजाची वाट. घाटमाथ्यावरून आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत, चार दिवस. बरीचशी पायी, मधले सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, गाडीनं. म्हणाली, एकतीस वर्षं वर्गात राजा शिकवलात आई, एकदा त्याच्या वाटेनं चालून बघा. गुडघ्याचं काय, विचारलं. मी आहे ना, म्हणाली.

आहे खरी. विनीतला जाऊन तीन वर्षं झाली. लेक गेला, सून राहिली. सावर्ड्याहून तिचे आईवडील दोनदा न्यायला आले. दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं तिनं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आंबा घाट. अकरा माणसं, त्यांत मीच थोरली. वाटाड्या हितेश – खाली समुद्रावरचा, वडिलांची होडी आहे, हा मात्र डोंगरात रमलेला. दीड वर्ष नम्रता आणि तो मिळून ही वाट शोधतायत, गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारत.

मी लगेच मास्तरकी केली. राजा इथूनच गेला ह्याला पुरावा काय? वाटलं, आता थापा मारेल.

“पुरावा नाही, बाई,” म्हणाला. “राजा पन्हाळ्यावर, बंदरं खाली. मध्ये हा डोंगर. उतरायला जुन्या वाटा दोन-तीनच, त्यांतली ही एक. ह्याच्यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.”

आवडलं मला. मी वर्गात इतकं खरं बोलले नसेन.

शनिवार, १४ डिसेंबर

पडले असते आज. घाट संपला होता, गाव दिसत होतं. जांभ्या दगडाची पाखाडी उतरताना सुक्या पाल्यावरून पाय गेला. हितेश चार पायऱ्या खाली होता. त्यानं वळून बघितलं आणि ओरडला – नमू, आईंना धर! नम्रतानं काखेत हात घालून मला तोलून धरलं. गुडघा सुजलाय, बाकी काही नाही. देवाची कृपा.

पण लिहायचंय ते वेगळंच. नमू.

ही हाक विनीतची. तीसुद्धा घरातली. मी कधी मारली नाही, तिच्या माहेरी कुणी मारत नाही. आणि ती दचकली नाही. सवयीची हाक होती ती.

रविवार, १५ डिसेंबर

सकाळी कुणाशी बोलले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून गाडीत बसून राहिले. राग आला होता. कसला, ते नीट सांगता येत नाही. विनीतच्या जागी दुसरा कुणी – तो राग. शिवाय त्यांची जात वेगळी, तेही मनात आलंच. खोटं कशाला लिहू?

दुपारी देवळाच्या सभामंडपात सगळे जेवायला बसले. नम्रता माझ्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. विचारलं तिला सरळ.

खाली बघूनच म्हणाली, “विचारलंय त्यानं. वर्ष झालं. मी नाही म्हटलं.”

“का?”

“तुम्हांला कोण बघणार?”

ती बांधलेली पट्टी सोडून पुन्हा बांधत बसली.

तीन वर्षं मी लोकांना सांगत आले, सुनेला मी लेकीसारखी सांभाळते. माझी पथ्यं, माझे डॉक्टर, माझ्या उदास दुपारी – सांभाळत ती होती. आणि स्वतःचं एवढं मोठं काही दाबून ठेवून, एक दिवस तोंड वाकडं न करता. राग कुठे गेला कळलंच नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

शेवटचा टप्पा चालले! हळूहळू, दोघांच्या मध्ये. वळणावर एकदम समुद्र आला. राजानंही असाच पाहिला असेल का? पुरावा नाही. पण मी पाहिला, हे नक्की.

हितेश बाजूला येऊन म्हणाला, परवा तोंडातून निघून गेलं, बाई, तुम्हांला लागलं असेल. मी म्हटलं, वेळेवर हाक मारलीस म्हणून डोकं शाबूत आहे माझं. बिचाऱ्याला हसावं की नाही कळेना.

ह्या वयात हे चार दिवस मिळाले. पाय टिकले, माणसं चांगली भेटली. आणखी काय मागायचं?

बुधवार, १८ डिसेंबर

नम्रता ऑफिसला. दिवसभर जेवण, औषधं, सगळं तिला फोन न करता एकटीनं करून पाहिलं. जमतं.

शनिवार, २१ डिसेंबर

एसटीनं एकटीच सावर्ड्याला जाऊन आले. नम्रताच्या वडिलांनी हितेशबद्दल सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तुम्ही आलात, आता आम्ही काय बोलणार. तिची आई मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली आणि हात सोडेना. घरी आल्यावर नम्रताला सांगितलं. खूप रडली. मग हो म्हणाली.

रविवार, २२ डिसेंबर

हितेशच्या घरी फोन लावला. त्याच्या आईनं उचलला. कोण बोलतंय, विचारलं.

म्हटलं, मुलीकडची.