चार किलोत नागद्वार

२ जुलै, सकाळी
ठरलं. औंदा मी नागद्वारच्या यात्रेले जाणार. पुतण्या देवानंदचा जत्था बावीस तारखेले आमच्या राजापेठेतून निघते. पचमढीपासून पुढं सगळा डोंगर पायी. त्याची अट: आपली बॅग आपल्या पाठीवर, चार किलोच्या आत. अन् आदल्या दिवशी बॅग घेऊन आमच्याच गच्चीवर चढून दाखवायचं. पायऱ्या वीस. वीस म्हणजे काय बापा! मी वीस बाळंतपणं करवली.
आमचे हे एकोणीस वर्षं जाऊन आले. दरवेळी म्हणत, तुयं सामान लय असते, पुढच्या वर्षी नेतो. पुढचं वर्ष तसंच ठेवून स्वतःच वर गेले. आता सामान कमी करून दाखवतेच.
मी सांगून राहिली, सून रागिणी लिहून राहिली. मले अक्षर येत नाई. पण वही माही हाये. कोणी वाचायची नाई. रागिणीनंही नाई.

४ जुलै
ट्रेकिंगच्या दुकानात गेलो. बॅगेचा भाव ऐकून मी स्टुलावर बसली. एवढ्यात बकरी येते, अन् ती स्वतः चालते. दुकानदार म्हणे, आजी, जेवढी हलकी तेवढी महाग. असं असन तं उद्या उपासालेही पैसे लागतीन. उठली.

५ जुलै
डोकं चालवलं. खताचं रिकामं पोतं तीनदा धुतलं. रुबीना टेलरनं त्याले खाटेच्या निवारीचे पट्टे लावून देले. पाठीवर घेतलं तं कागदावानी हलकं! मागून मोठ्या अक्षरात काही छापलं हाये. रागिणी म्हणे, निव्वळ वजन पन्नास किलो. लोकाइच्या जिवाले घोर. मले काय.

८ जुलै
रद्दीवाल्याच्या काट्यावर बॅग मोजली. साडेसात किलो. काटा खोटा. पिठाच्या गिरणीत मोजली. साडेसात. दोघं मिळालेले हायेत.
सराव: नऊ पायऱ्या चढली, मग बसली. बॅग जड हाये.

११ जुलै
रागिणीनं मोबाइलवर दाखवलं, ट्रेकवाले टूथब्रशचा दांडा कापून फेकतात म्हणे, वजन वाचते. मले हसू आलं. मी राखुंडीनं दात घासते, अन् दात सहाच. माह्याहून हलकं कोण?
तांब्या काढला, प्लास्टिकची बाटली ठेवली. गोधडी काढली, शाल ठेवली. ताडपत्री अर्धी कापली. मी तरी कुठं पुरी हाये. एक लुगडं अंगावर, एक बॅगेत. अडकित्ता मात्र ठेवला. रागिणी म्हणे, आई, सुपारी इथूनच कातरून न्या. मी म्हटलं, बाई, अडकित्ता ह्यांचा हाये. एकोणीस वेळा जाऊन आला. रस्ता त्यालेच माहीत.
पाच किलो. सराव: नऊ पायऱ्या. बॅग जड.

१५ जुलै
चार किलो! गिरणीवाल्यानं दोनदा मोजून देलं. मी त्याले पेढा देला.
सराव: नऊ पायऱ्या. आता समजलं. दहावी पायरी मिस्त्रीनं उंच बांधली. रागिणीनं टेप लावून पायलं. म्हणे सगळ्या सारख्या. टेपही त्या मिस्त्रीचाच असन.
देवानंद फोनवर म्हणे, काकू, तिकडं लोखंडी शिड्या हायेत. मी म्हटलं, बरं झालं, मिस्त्रीचा हात नाई लागला.

१८ जुलै
पावसाची झडी लागली. सराव बंद. नाई तं आज वीस झाल्याच असत्या. गुडघ्याले तेल लावलं. गुडघ्याचं काही नाई, तेल उरलं होतं म्हणून.
रागिणी म्हणे, आई, आता बॅग मी भरते, तुमी आराम करा. सून शहाणी होऊन राहिली. माह्या हाताखाली राहून.

२१ जुलै, संध्याकाळी
देवानंद आला. वर गच्चीच्या दारात उभा राहिला. रागिणीनं बॅग माह्या पाठीवर चढवली. चढाले लागली. रागिणी खालून मोजून राहिली. सात. आठ. नऊ.
बसली.
म्हटलं, बॅग.
देवानंद खाली आला. एका बोटानं पट्टा धरला अन् बॅग उचलली. एका बोटानं. मग उघडून पायलं. आत कापूस. गादीचा, पिंजलेला. कापसात अडकित्ता. बाकी काहीच नाई.
रागिणी रडाले लागली. म्हणे, सामान मी देवानंद भाऊजींच्या बॅगेत गुपचूप टाकणार होती, आई. तुमी फक्त चढाले पायजे होत्या.
मले बॅग पाठीवर घेतली तेव्हाच हलकी वाटली होती. मनात म्हटलं, आज तब्येत चांगली हाये.
देवानंदनं अडकित्ता आपल्या बॅगेत ठेवला. म्हणे, काकू, तुमाले पुढच्या वर्षी नेतो.
हे ऐकलेलं हाये.
आता रागिणी वही घेऊन बसली. इचारते, आई, आजचं काय लिहू? मी म्हटलं, हे सगळं राहू दे, फक्त लिही, बॅग जड होती. तिनं लिहिलं. वाचून दाखव म्हटलं, तं वाचून दाखवलं: बॅग जड होती.
तसंच लिहिलं असन. मले कुठं वाचता येते.