आधी सांगायचं, मग हात लावायचा

६ जानेवारी २००३
आले एकदाची नाशिकला! देवळ्याहून एसटीने, पायाशी ट्रंक आणि मांडीवर आईने दिलेला शेवेच्या लाडवांचा डबा. आमचं आधीचं कॉलेज मान्यता गेली म्हणून बंद पडलं, त्यामुळे बीएस्सी नर्सिंगचं शेवटचं वर्ष इथे. हे वर्ष पार पडलं की कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचं, मग मी रजिस्टर्ड नर्स. हुकलं तर आधीची सगळी वर्षं पाण्यात.

होस्टेलची खोली छान आहे, भरपूर ऊन येतं. सोबतीण तेजल, सिन्नरची, बडबडी. सामान टाकतेय तोच ती मला प्रात्यक्षिकाच्या खोलीत घेऊन गेली, आक्काबाईची ओळख करून द्यायला. आक्काबाई म्हणजे सरावाची रबरी बाहुली. माणसाएवढी, टक्कल पडलेली, पलंगावर पाय ताणून झोपलेली. तेजल तिला म्हणाली, "आक्का, ही सुवर्णा. नवीन आलीये, सांभाळून घ्या हां." मला हसू आवरेना.

प्रात्यक्षिकं घेणाऱ्या चंद्रभागा मॅडमचा इथे एक कडक नियम आहे म्हणे. आक्काबाईला साधी सुई टोचायची असली तरी आधी तिला सांगायचं, मग हात लावायचा. न सांगता हात फक्त मेलेल्याला लावतात, असं मॅडम म्हणतात आणि सरळ मार्क कापतात.

१५ जानेवारी
संक्रांतीला पोरींनी आक्काबाईच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. वेड्या आहेत सगळ्या! आज जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच सरावाला गेले. परीक्षक समोर नसताना रबराशी गप्पा कोण मारत बसणार? तिच्या मांडीत एकाच जागी सुया खुपसल्या. नाकातून नळी घालताना अडली, म्हणून जोर लावून ढकलली. आत काहीतरी फाटल्याचा आवाज आला. तेवढ्यात तेजल आली आणि तिचा चेहराच उतरला. "अगं, विचारलंस का तिला?" मी म्हटलं, विचारलं की, पण ती लाजली. तेजल हसली नाही.

२१ जानेवारी
सकाळची ड्यूटी करून दुपारी झोपले होते. तेजल वॉर्डात होती. कानाशी म्हातारीचा आवाज आला, अगदी मायेचा. "सुई देते हां बाई. पाय सैल सोड." मग मांडीत कळ. पुन्हा पुन्हा, त्याच जागी. मला हलताच येईना, ओरडताही येईना. उठले तेव्हा चादर रक्ताने भिजली होती आणि मांडी काळीनिळी झाली होती. पोरींनी रॅगिंग केलं असणार, असं मनाला समजावतेय. पण कडी आतून लावलेली होती.

२४ जानेवारी
पुन्हा दुपारीच. "नळी घालते हां बाई. गिळत राहा." छातीवर गुडघा होता, तोंडाजवळ रबराचा वास. नळी अडली. तिने ढकलली. माझ्या नाकात काहीतरी फाटलं. नंतर बादलीत नुसतं रक्त ओकत होते. मॅडम म्हणाल्या, घरी जा. कशी जाऊ? हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. तेजल म्हणते, आक्काबाईची माफी माग. मी? रबराची?

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं आणि सगळ्या पांगल्या. मी प्रात्यक्षिकाच्या खोलीत गेले, सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि तिच्या तोंडावर घातला. घालतच राहिले. जबडा निखळला तेव्हा कुठे हात थांबला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग घाबरले. कॉलेजची बाहुली फोडली म्हणून मला काढून टाकलं तर? जबडा जागेवर बसवला आणि पट्टीने डोक्याशी आवळून बांधला. ती प्रेतासारखीच दिसायला लागली. म्हटलं, बरंच झालं, मृतदेहाची तयारीही परीक्षेला असतेच. नाकपुड्यांत कापूस घातला, पायाचे अंगठे एकत्र बांधले, डोक्यावरून चादर ओढली. कुणी पाहिलंच तर सराव म्हणून खपेल.

तेजलला सांगितलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "आतापर्यंत ती तुला सांगून तरी हात लावत होती गं. आता तू तिला न विचारता मेलेलं ठरवलंस." पिशवी भरून ती सिन्नरला निघूनही गेली.

२८ जानेवारी
दुपार. पलंगावर बसून लिहितेय. झोपायचंच नाही म्हणजे नाही. कडी लावलीय, वर टेबल सरकवलंय.

आवाज नाही. हाक नाही. फक्त फरशीवर लोखंड घासत येतंय. दाराच्या आत आहे ते—

जबडा. तुटला. दात वहीवर पडलेत. रक्तात पेन घसरतंय—

पट्टी आवळतेय. काही बोलत नाही ही. आक्का, सांग ना आधी, नेहमी सांगायचीस—

एका नाकपुडीत कापूस. बघ, हात हलतोय माझा, लिहितेय मी—

दुसरीतही. श्वास—

अंगठे बांधले. एक शब्द नाही. चादर ओढतेय वर. आक्का, विचार. एकदा विचार मला, मी अजू