बुटक्या गाडीच्या पोटाखाली

सुरजभाऊ,

मी आज, शेवटच्या तारखेले, भामरागडच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली नसती, तर खरा फायदा तुझाच होता. नोकरी गेली असती, ठेकेदाराच्या पोराशी माझं लग्न लागलं असतं, आन् तुले त्याच्या कोळशाच्या ट्रकांचं काम भेटलं असतं. म्हणून तर आलापल्लीच्या पुढं एसटी बंद हाय हे माहीत असून, मी तुझी गाडी मागितली तवा तू एकच बोलत राह्यला, "स्पोर्ट्स कार बुटकी असते, दीपाली. दगड लागला का इंजिनचं चेंबर फुटते."

आता नाई फुटत. काल तू सासुरवाडीले गेला तवा देवानंद वेल्डरनं चेंबरखाली जाड पत्रा ठोकून देला, ऑइल काढायले भोकही ठेवलं. "ब्रेकरवर तिरपी चढव, बाई," एवढंच म्हणे.

गाडी मी नेली. पोलिसात जायचं तर खुशाल जा, पण मले काऊन अडवलं तेही सांगजो. आईच्या गोळ्या फ्रिजवर हायेत.

पत्रा इकत नाई घेतला. लग्नात द्यायले तू आणलेल्या लोखंडी कपाटाचे दोन्ही दरवाजे एकावर एक जोडले. ते तर ठेकेदाराच्याच घरी जाणार होतं, म्हणजे खर्च ना तुझा, ना माझा. गेला तो नवरदेवाचा.

दीपाली