रेवाला कोण ओवाळणार

३ नोव्हें., सोमवार
रेवाची बॅग भरली. रेसचा चामड्याचा सूट काही घडी होईना, म्हणून तिनं तो हॉलमधे खुर्चीवर बसवलाय. पाहुणा आल्यासारखा वाटतो. सकाळी मी त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला. संजू झोपेतून उठून आला तो दचकलाच. नात हसून हसून लोळली. संजू नाही हसला.
परवा निघणार. आखातातल्या वाळवंटात मोटरसायकलची रेस, तीही रात्रीची. "दिवसा ट्रॅक फार तापतो, आजी. रात्री एवढे लाइट लावतात की दिवसच वाटतो." म्हटलं, लायटीचं बिल कोण भरतं गं? तर म्हणते, नॉट मी.
खांदा मोडल्यावरची पहिलीच रेस.

४ नोव्हें.
संध्याकाळी संजू खोलीत आला, दार लोटून घेतलं.
"आई, उद्या रेवाला मानसीनं ओवाळलं तर चालेल ना?"
"का रे? माझा हात थरथरतो?"
"तसं नाही." कार्पेटकडं बघत म्हणाला, "मागच्या वेळी तू ओवाळलंस, आणि..."
मागच्या वेळी मी ओवाळलं आणि ती दुसऱ्याच लॅपला पडली. खांद्यात प्लेट घालावी लागली.
हे गेल्यापासून गावाकडं कुणाच्या कार्यात तबक निघालं की मी आपली मागं सरकायची. कुणी सांगायला लागत नव्हतं. इथं परदेशात संजूकडं आल्यावर रेवानंच ते माझ्या हातात दिलं. इथं जन्मलेली पोर, तिला कुठलं काय ठाऊक. संजूला ठाऊक होतं, पण मनात कधी आणलं नव्हतं त्यानं. पोरगी पडली आणि आलं.
राग आला. थोडा. मग त्याचं तोंड बघितलं. झोप नाही डोळ्यांत.
म्हटलं, "गुडघे दुखतात सांगते तिला. जा, जेव जा."

५ नोव्हें.
गुडघ्याचं नाटक केलं. डाव्या पायानं लंगडत हॉलपर्यंत आले आणि जाताना उजव्यानं लंगडले. मानसीनं बघितलं. सूनबाई शहाणी, काही बोलली नाही. तिनंच ओवाळलं. रेवा पाटावर बसून सगळा वेळ माझ्याकडं बघत होती.
"आजी, तू बसूनच कर ना, मी तुझ्यापुढं येते."
"नको गं. आईचा मान आहे."
गाडी एअरपोर्टला गेल्यावर वाती उगाच वळत बसले. एवढ्या कशाला लागणारेत?

८ नोव्हें., शनिवार
रे.चा व्हिडिओ कॉल. प्रॅक्टिस झाली. वाऱ्यानं सारखी वाळू येते म्हणे ट्रॅकवर. सगळ्या गाड्या जातात तेवढाच पट्टा साफ. त्याच्या बाहेर चाक गेलं की घसरलंच. टायर गार होऊ नयेत म्हणून त्यांना दुलया गुंडाळतात, त्याही विजेवर तापणाऱ्या. दाखवल्या तिनं. म्हटलं, एक मला आण.
"तुझे गुडघे कसे आहेत?"
"कुठले गुडघे?"
झालं. आधी हसली. मग लगेच विचारलं,
"आजी, तू मुद्दाम नाही ओवाळलंस? डॅड काही बोलला का?"
ऐकू येत नाही गं, नेटवर्क नाही, असं ओरडले आणि फोन ठेवला. सगळं नीट ऐकू येत होतं.

९ नोव्हें., रविवार
संजूनं सकाळी गाडी धुतली. दुपारी परत धुतली. शेजारचा गोरा विचारतो, "सेलिंग इट, मेट?"
रे.नं बोलून पाठवलंय, फक्त मला. गॅरेजमधून निघायच्या आधी कॉल करते, तू ओवाळ. नाहीतर माझं डोकं रेसमधे राहणार नाही, तिकडंच राहील.
नाही म्हणावं तर तिचं डोकं ठिकाणावर नाही. हो म्हणावं तर संजूचं. मानसीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्हाला काय वाटतं?"
मला कुणी विचारलंच नव्हतं तोवर.
रात्री मानसीला सांगितलं, मला ओवाळायचंय. पण संजूच्या चोरून नाही.

१० नोव्हें., सोमवार, पहाट
तिथं अजून रविवारची रात्र. कॉल आला. फोन संजूच्या हातात दिला. "तूच बोल."
"डॅड, आजीला दे. पाच मिनिटं आहेत फक्त."
यानं फोन माझ्याकडं दिलाच नाही. तिच्यामागं इंजिनांचा आवाज.
"डॅड, तू सांगितलंस ना तिला नको म्हणून?"
"रेवा, तू परत पडलीस तर..."
"पडले तर मी पडेन ना! वाळूमुळे पडेन. त्यात आजी कुठून आली?"
संजूनं साखरेचा डबा ओढला, फोन त्याला टेकवून उभा केला. तिचं कपाळ नीट दिसेना तर जरा मागं कलता केला. आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, लवकर."
तबक उचललं. ओवाळलं. कुंकू लावायला गेले ते स्क्रीनलाच लागलं. संजूनं घेऊन दिलेला महागाचा फोन. "आजी, मी आता लाल दिसते का?" म्हणत गेली.

आता टीव्हीसमोर. केवढा उजेड त्या वाळवंटात! दुलया काढल्या. एक फेरी सावकाश मारून सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. रे. चौथ्या ओळीत, आतल्या बाजूला. मानसी देवापुढं जाऊन बसलीय.
आज ती पडली तर संजू मला एक शब्द बोलायचा नाही. जन्मात नाही बोलायचा. ते मला सोसेल का, माहीत नाही. तबक उचललं तेव्हा हेच मनात होतं. तरी उचललं.
संजूनं माझा डावा हात घट्ट धरलाय. दुखतोय, पण सोड म्हणवत नाही.
लाल दिवे लागले. विझले की सुटायचं.
विझले.