नावं घालण्याच्या वहीबाबत

मी, तोताराम भटू बैसाणे, वय ७६, शिक्षण चौथी, धंदा भांड्यांवर नावं घालणे, राहणार करंजवाडे खुर्द, तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण माझा मुलगा नीलेश उद्या म्हणेल की म्हाताऱ्याला भ्रम झाला होता. कोणी धाक घातलेला नाही. काळजीनं झोप लागत नाही एवढंच, आणि ते कायद्याच्या आड येत नाही असं वकिलांनी सांगितलं. मी त्यांना दोनदा विचारून घेतलं.

१. राहतं घर, दोन खोल्या व पडवी, माझ्या कष्टाचं आहे. माझी बायको कै. लिलाबाई हिनं त्याच्या विटा डोक्यावरून वाहिल्या. हे घर मी माझ्या तीन नातवंडांना सारखं देतो : आकाश, तेजल आणि स्नेहल. तिघांची आई वृषाली, वडील नीलेश. हे पुन्हा लिहितो, कारण सगळं तिथंच अडलं आहे. तिघांचे वडील नीलेश. मुलं लहान आहेत, म्हणून घर त्यांच्या नावावर चढवताना नीलेशनं तिघांचा बाप म्हणून सही करावी. दोघांचाच बाप म्हणून केली तर त्यानं या घरात राहू नये.

२. नावं घालायचं मशीन, छिन्नी आणि लहान हातोडी पारोळ्याचे रहीमभाई यांना द्यावी. त्यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मी एकेचाळीस वर्षं बसलो. मशीनची वायर बदलून घ्यावी, शॉक देते. त्यांना हे तीनदा सांगितलं, पण ते हसण्यावारी नेतात.

३. पोस्टातली शिल्लक मुलगी सुमनबाई, राहणार धुळे, हिला. तिच्यावर माझा राग आहे, तरी देतो. राग का, ते पुढच्या कलमात आहे.

४. वही. माझं शिक्षण कमी, म्हणून भांड्यावर काय घालायचं ते मी गिऱ्हाइकाकडूनच वहीत लिहून घेत असे. एकदा पितळेवर उठलेलं अक्षर पुसता येत नाही, मग चूक कोणाची यावरून भांडण नको. लग्न, बारसं, वास्तुशांत, सगळं ज्याच्या त्याच्या अक्षरात आहे.

दहा वर्षांपूर्वी गावातले गिरधर पाटील पंचायतीला निवडून आले. तिसरं मूल असलं की उभं राहता येत नाही, म्हणून त्यांनी धाकट्या राजदीपला भावाचा मुलगा दाखवलं होतं. राजदीप नक्की कोणाचा, असं नीलेशनं मला विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात वही काढली. गिरधर यांच्याच अक्षरात होतं : 'चि. राजदीप याच्या बारशाप्रीत्यर्थ, आईवडील', खाली दोघांची नावं आणि तारीख. नीलेशनं तक्रार केली, त्यांचं पद गेलं. चौकातल्या सभेत नीलेश म्हणाला, "ज्यानं पोटच्या पोराला नाव दिलं नाही, तो गावाला काय देणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. राजदीप तेव्हा दुसरीत होता. पुढं मुलं त्याला शाळेत काय काय म्हणत, ते मला उशिरा कळलं.

आता नीलेश स्वतः उभा राहतो आहे. सहा वर्षांची स्नेहल दीड वर्षापासून सुमनबाईकडे धुळ्याला आहे. शाळेत सुमनबाईचीच मुलगी म्हणून घातली आहे. दिवाळीला ती इथं आली. उंबऱ्यातच थांबली आणि नीलेशकडे बघत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आबा, आज मी त्यासले काय म्हनू? मामा की पप्पा?" बाहेर लोक बसले होते. वृषालीनं तिला आत नेलं आणि दिवसभर बाहेर येऊ दिलं नाही.

त्या दिवसापासून नीलेश एकच विचारतो, "आबा, ती वही कोठे शे?" कारण तिच्यात त्याचंही पान आहे. 'कु. स्नेहल हिच्या बारशानिमित्त, आई वृषाली, वडील नीलेश.' अक्षर त्याचंच. मी म्हटलं, गिरधरचं खोटं तेवढं खोटं का? तर म्हणे, सगळेच करतात, "बठ्ठा आसंच करतस, आबा. तुम्हाले राजकारण समजत नाही." नसेल समजत. पण चौकातलं ते भाषण मला पाठ आहे.

ही वही मी कु. स्नेहल नीलेश बैसाणे हिला देतो. बारशाला तिचं नाव घातलेला तांब्याही तिलाच. दोन्ही कुठं ठेवलं आहे ते रहीमभाईंना ठाऊक आहे.

५. माझ्या घराच्या भिंतीवर न विचारता 'स्वच्छ चारित्र्य, खरा माणूस' असं रंगवलं आहे. त्यावर चुना मारावा. दोन हात मारावेत, एका हातात अक्षरं दिसतात. प्रचाराला नेलेल्या माझ्या चार खुर्च्या परत आणाव्यात.

६. साक्षीदारांना वाचून दाखवल्यावर जोडलेला मजकूर : दुसरे साक्षीदार म्हणून मी मुद्दाम गिरधर पाटील यांना बोलावलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "तोतारामनाना, मना पोरनं पान बी याच वहीमा शे ना?" मी राजदीपचं पान दाखवलं. त्यांनी स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि नीलेशच्या पानाचा फोटो मागितला. मी पानावर तळहात ठेवला. म्हटलं, तुम्ही साक्षीला आलात, कानांनी ऐकलं तेवढं पुरे. ते हसले. "आइकनं तेच बस शे," म्हणाले, आणि सही केली. मी राजदीपबद्दल माफी मागितली. त्यांनी मोबाईल परत खिशात ठेवला.

साक्षीदार कोण, हे मी नीलेशला आज जेवताना सांगणार आहे. अर्ज भरायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. त्याआधी स्नेहलला घरी आणायचं ठरवलं, तर पारोळ्याहून धुळ्याला बस दिवसभर असतात.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, मला मान्य आहे.

सही : तोताराम भटू बैसाणे

साक्षीदार :
१. रहीम करीम तांबोळी, पारोळा
२. गिरधर हिलाल पाटील, करंजवाडे खुर्द

स्थळ : करंजवाडे खुर्द
दिनांक : १८ जानेवारी २०२६, रविवार